श्वासनळीतलं मीठ आणि पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

कैरीच्या फोडींना मीठ चोळून पातेलं झाकून ठेवलं की थोड्या वेळात तळाशी पाणी साचतं. आपण वरून थेंबभर पाणी घातलेलं नसतं. मीठ ज्या बाजूला जास्त, त्या बाजूला पाणी ओढलं जातं. आपल्या छातीतही जन्माच्या आधीपासून हेच चालू असतं. आज मी त्याबद्दल बोलणार आहे, कारण आपल्या मराठवाड्यातली काही लेकरं या मीठपाण्याचा हिशेब बिघडल्यामुळे आजारी आहेत आणि त्यांच्या आईबापांना त्या आजाराचं, सिस्टिक फायब्रोसिसचं, नावसुद्धा कुणी सांगितलेलं नाही.

आपण श्वास घेतो तेव्हा हवेबरोबर बरंच काही आत जातं. रस्त्याची धूळ जाते, जिनिंगमधला कापसाचा तुसडा जातो, मळणी यंत्रातून उडणारा सोयाबीनचा भुस्सा जातो, जंतूही जातात. हे सगळं फुप्फुसात साठत गेलं असतं तर आपण फार दिवस जगलो नसतो. श्वासनळीच्या आतल्या बाजूला चिकट कफाचा पातळ पदर असतो, त्यात ही घाण अडकते. त्या पदराखाली पाण्यासारखा एक थर असतो. त्याची जाडी असते साधारण 7 मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम दहावा हिस्सा. या थरात पेशींचे बारीक रोम उभे असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने हलतात आणि कफ वर घशाकडे ढकलत राहतात. तिथून तो आपण नकळत गिळून टाकतो. हे काम रात्रंदिवस चालतं.

हा पाण्याचा थर आटला की रोम कफाखाली दबतात आणि त्यांची हालचाल मंदावते. कफ जागच्या जागी घट्ट होतो आणि जंतूंना राहायला घर मिळतं. म्हणजे आपलं निरोगी असणं या इवल्याशा ओलाव्यावर अवलंबून आहे. हा ओलावा राखतात ती आयन चॅनेल.

पेशीभोवती तेलकट द्रव्याचं एक आवरण असतं. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे विद्युतभार असलेले कण होतात, सोडियम आणि क्लोराइड. त्यांना आयन म्हणतात. या तेलकट आवरणातून त्यांना सहजी आरपार जाता येत नाही. त्यांच्यासाठी आवरणात प्रथिनांची सूक्ष्म छिद्रं असतात आणि गरजेप्रमाणे ती उघडतात, मिटतात. हीच आयन चॅनेल. श्वासनळीच्या पेशींत अशी दोन चॅनेल फार महत्त्वाची आहेत. एक सोडियमला पृष्ठभागावरून पेशीत घेतं, त्याला शास्त्रज्ञ ईनॅक म्हणतात. दुसरं क्लोराइड आणि बायकार्बोनेट हे आयन बाहेर सोडतं, ते सीएफटीआर. बाहेर मीठ सोडलं की पाठोपाठ पाणी बाहेर येतं, आत घेतलं की पाणी आत जातं. दोघांचा मेळ बसला तर थर हवा तेवढा राहतो.

मला स्वतःला यातली जन्माच्या वेळची गोष्ट सर्वांत थक्क करते. आईच्या पोटात बाळाची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात. तो द्रव फुप्फुसाच्या पेशींनीच क्लोराइड बाहेर सोडून तयार केलेला असतो. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या की बाळाच्या अंगात अ‍ॅड्रेनालिन वाढतं, सोडियमची चॅनेल उघडतात आणि फुप्फुसातलं पाणी शोषलं जाऊ लागतं. बाळाचा पहिला टाहो फुटतो त्यामागे हे काम असतं. 1996 मध्ये शास्त्रज्ञांनी ईनॅकचा एक महत्त्वाचा भाग नसलेले उंदीर जन्माला घातले. त्यांच्या फुप्फुसातलं पाणी हटलंच नाही आणि दोन दिवसांच्या आत ती पिल्लं मेली.

इतकी बारीक छिद्रं शास्त्रज्ञ तपासतात तरी कशी? जर्मनीत एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी 1976 मध्ये एक पद्धत दाखवली. टोकाशी जेमतेम एक मायक्रोमीटर रुंद असलेली काचेची नळी पेशीला चिकटवायची आणि त्या टोकाखाली आलेल्या एकाच चॅनेलमधून जाणारा प्रवाह मोजायचा. हा प्रवाह पिकोअँपियरमध्ये असतो, म्हणजे एका अँपियरचा एक लाख कोटीवा भाग. एक रेणू उघडतो आणि मिटतो, हे माणसाला तेव्हा पहिल्यांदा थेट मोजता आलं. 1991 चं नोबेल त्यासाठी होतं.

पुढे माणसाच्या श्वासनळीच्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवता येऊ लागल्या. प्रत्यारोपणाच्या वेळी काढून टाकलेल्या आजारी फुप्फुसातून किंवा दान केलेल्या, पण बसवता न आलेल्या फुप्फुसातून त्या मिळतात. त्यांना जाळीदार पडद्यावर ठेवतात. खालून पोषक द्रव आणि वरून हवा, अगदी छातीत असते तशी. काही आठवड्यांनी त्या पेशींना रोम फुटतात आणि ते हलायला लागतात. ज्या माणसाचं फुप्फुस होतं त्याच्या आजाराचा स्वभावही त्या पेशींत उतरतो. मग एकेक औषध घालून पाहायचं, क्लोराइडचा प्रवाह वाढला का ते मोजायचं. फुप्फुस देणाऱ्या त्या अनोळखी माणसांचे आणि त्यांच्या घरच्यांचे उपकार मोठे आहेत.

जाता जाता सांगते, लाल मिरची कांडताना जो ठसका लागतो तोही एका आयन चॅनेलमुळेच. श्वासमार्गातल्या मज्जातंतूंच्या टोकाला ते असतं आणि मिरचीतल्या तिखट द्रव्याने उघडतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने ते 1997 मध्ये ओळखलं आणि त्यांना 2021 चं नोबेल मिळालं. महिनोन् महिने न थांबणाऱ्या खोकल्यावर औषध शोधणारे लोक मज्जातंतूंमधल्या अशाच चॅनेलांच्या मागे आहेत.

आता मुख्य आजाराकडे, सिस्टिक फायब्रोसिसकडे येते. यात सीएफटीआर चॅनेल नीट बनत नाही किंवा बनूनही उघडत नाही. फुप्फुसातला कफ घट्ट होतो, वारंवार न्यूमोनिया होतो. स्वादुपिंडाच्या पाचक रस नेणाऱ्या नळ्याही चोंदतात, म्हणून खाल्लेलं पचत नाही. लेकरू भरपूर खातं, पण अंगी लागत नाही. शी तेलकट आणि फार घाण वासाची होते. न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी 1938 मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. 1950 च्या दशकात अशी मुलं शाळेच्या वयापर्यंत क्वचितच पोहोचायची.

या आजाराची खूण सापडली ती उन्हाळ्याने. 1940 च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली होती. तेव्हा गळून गेलेल्या मुलांमध्ये या आजाराची मुलं जास्त दिसली. डॉ. पॉल दि सांत’आन्येझे यांनी शोध घेतला आणि 1953 मध्ये दाखवून दिलं की या मुलांच्या घामात मीठ फार जास्त असतं. घामाच्या नळीत सीएफटीआरचं काम फुप्फुसाच्या उलट असतं. तिथे ते क्लोराइड परत अंगात घेतं. ते बंद असलं की बरंचसं मीठ घामावाटे वाहून जातं.

न्यूयॉर्कच्या त्या लाटेची हकिकत वाचताना मला आपला वैशाख दिसतो. परभणी-नांदेडला पारा 43 अंशांवर जातो. पत्र्याच्या घरात, नाहीतर उसाच्या फडाशेजारच्या कोपीत तान्हं लेकरू घामाने भिजलेलं असतं. त्याच्या अंगातलं मीठ असं निघून जात असेल, तर ते उलटी-जुलाब नसतानाही मलूल पडतं, कधी झटके येतात. लोक म्हणतात, ऊन लागलं. ऊन लागलेलंच असतं, पण त्याच लेकराला वर्षातून चार वेळा छाती भरून दवाखान्यात न्यावं लागत असेल तर या दोन गोष्टी एकत्र मांडून पाहायला हव्यात. आपल्या देशात अशा मुलांना टीबी समजून औषधं दिल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवली आहेत. हा गोऱ्या लोकांचा आजार आहे असा समज बराच काळ होता, वैद्यकीय पुस्तकांतूनही. तो खरा नाही. भारतात ही मुलं आहेत.

आजार आनुवंशिक आहे. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं तरच तो होतो. आईबाप स्वतः ठणठणीत असतात. दोघंही वाहक असतील, म्हणजे दोघांकडेही एकेक बिघडलेलं जनुक असेल, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी शक्यता असते. आपल्याकडे मामाच्या, आत्याच्या घरी सोयरीक होते. नात्यात एकच जनुक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते, म्हणून आपल्या भागात डॉक्टरांनी या आजाराचा विचार लवकर करायला हवा. यात सुनेचा दोष नाही, कुणाचाच नाही.

हे जनुक 1989 मध्ये लाप-ची त्सुई, जॉन रिओर्डन आणि फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांनी शोधलं. सीएफटीआर 1,480 अमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिनांच्या मण्यांच्या, साखळीने बनतं. त्यातलं 508 व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल गळलं की चॅनेलची घडी चुकते आणि पेशी ते मोडून टाकते. युरोपात हाच बिघाड सर्वांत जास्त दिसतो. भारतात त्याचं प्रमाण कमी आहे आणि इतर बिघाड बरेच आहेत, म्हणून आपल्या मुलांची जनुक तपासणी इथल्या माहितीवर बेतलेली हवी.

मी सांगितलेल्या त्या पडद्यावरच्या पेशींवर औषधं पारखली गेली. 2012 मध्ये मिटलेलं चॅनेल उघडं ठेवणारं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं. 2019 मध्ये तीन औषधांची एकत्र गोळी आली, घडी सुधारणारी दोन आणि चॅनेल उघडं ठेवणारं एक. तिने रुग्णांचं आयुष्य पालटलं, फुप्फुस प्रत्यारोपणाच्या यादीतून नावं कमी झाली. पण तिची अमेरिकेतली किंमत वर्षाला 3 लाख डॉलरहून जास्त आहे. रुपयांत ती कोटींमध्ये जाते. विज्ञान इथवर येऊनही ते ऊसतोड कामगाराच्या लेकरापर्यंत पोहोचत नाही याचा मला संताप येतो, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

मात्र सगळंच महाग नाही. ऑस्ट्रेलियात समुद्राच्या लाटांवर खेळणाऱ्या रुग्णांची फुप्फुसं बरी राहतात असं डॉक्टरांच्या ध्यानात आलं. त्यातून 7 टक्के मिठाच्या पाण्याचा बारीक फवारा नेब्युलायझरने देण्याचा मोठा अभ्यास झाला आणि 2006 मध्ये त्याचा फायदा सिद्ध झाला. मीठ पृष्ठभागावर गेलं, मागे पाणी आलं, कफ सुटला. हे पाणी स्वस्त आहे. त्याने श्वासनळी आवळू शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं, घरी मीठ कालवून नाही. पचनासाठी एन्झाइमच्या गोळ्या, छाती मोकळी करण्याचा व्यायाम, उन्हाळ्यात जादा मीठ, वेळेवर अँटिबायोटिक, एवढ्यानेही मुलाच्या आयुष्याची बरीच वर्षं वाढतात.

ज्यांचं जनुक चांगलं आहे त्यांनाही एक गोष्ट सांगायची आहे. सिगारेटच्या धुराने चांगलं सीएफटीआरसुद्धा मंदावतं, हे प्रयोगशाळेत आणि माणसांतही दिसलं आहे. त्यामागचा एक दोषी अ‍ॅक्रोलिन नावाचं द्रव्य. लाकूड जळतानाही ते निघतं. आपल्याकडे पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या जाळून वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या आणि जन्मात विडीला हात न लावलेल्या बायांना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, होतो, त्यांना दम लागतो, सकाळी बेडका पडतो. त्यांच्या खोकल्याला वयाचा खोकला म्हणून सोडून देऊ नका. स्पायरोमेट्रीची फुंकायची तपासणी करून घ्या.

आणि लेकरांसाठी घामाची तपासणी. हातावर घाम आणणारं पिलोकार्पिन औषध लावून बारीकसा वीजप्रवाह देतात, थोड्या मुंग्या येतात, मग अर्धा तास घाम गोळा करतात. सुई नाही, रक्त नाही. ही पद्धत 1959 पासून वापरात आहे आणि देशी साधनांनी घाम गोळा करण्याची पद्धत दिल्लीच्या एम्सने बसवली आहे. आपल्या विभागातल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात ती नियमित व्हावी, अशी मागणी मी करत राहणार आहे. लेकराची पापी घेताना ओठाला खारट लागत असेल, घाम वाळल्यावर कपाळावर मिठाची पांढरी खर दिसत असेल, छाती सारखी भरत असेल, वजन वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना हे सगळं एका दमात सांगा आणि विचारा, घामातलं क्लोराइड तपासायचं का? लिटरमागे 60 मिलिमोल किंवा त्याहून जास्त आलं तर आजाराची शक्यता दाट असते आणि पुढची जनुक तपासणी लागते. 30 च्या खाली आलं तर हा आजार असण्याची शक्यता फार कमी. मधला आकडा आला तर तपासणी पुन्हा करतात.

नमस्कार.