शेवटी वाराच लागतो

मंडळी, कॉम्प्युटरचा प्रोसेसर गार ठेवण्याच्या विषयावर बोलायला उभा राहिलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो: नवा कॉम्प्युटर जुळवतोय, एअर कूलर घेऊ की लिक्विड? मी उलट विचारतो, प्रोसेसर कुठला आणि त्याच्याकडून काम काय करून घेणार? याचं उत्तर बऱ्याचदा तयार नसतं. कूलरवरच्या दिव्यांचा रंग मात्र पक्का झालेला असतो.

आधी नावांचा घोळ निस्तरू. एअर आणि लिक्विड म्हटलं की वाटतं, एकात उष्णता हवा वाहून नेते आणि दुसऱ्यात पाणी. खरं तर दोन्हींत द्रव आहे आणि दोन्हींत शेवटी हवाच आहे. एअर कूलरच्या, म्हणजे प्रोसेसरवर उभ्या असलेल्या टॉवरच्या, तांब्याच्या नळ्या पाहिल्यात ना? त्या भरीव नसतात. आतली हवा काढून त्यात अगदी थोडं पाणी ठेवलेलं असतं. दाब इतका कमी, की वाफ व्हायला ते पाणी शंभर अंशांची वाट पाहत नाही, चाळीस-पन्नास अंशांनाही त्याचं भागतं. ही वाफ वर फिन्सकडे, म्हणजे धातूच्या पातळ पात्यांकडे, धावते, तिथे उष्णता टाकून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून परत प्रोसेसरकडे येते, वातीत तेल चढावं तशी. पंप नाही की वीज नाही. या हीट पाइपच्या कल्पनेचं पेटंट जनरल मोटर्समधल्या रिचर्ड गॉगलर यांना १९४४ साली मिळालं होतं. ते तसंच पडून राहिलं. पुढे १९६३ मध्ये लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे प्रत्यक्षात आणली.

लिक्विड कूलरमध्ये हेच दळणवळण पंप करतो. प्रोसेसरवरच्या तांब्याच्या ठोकळ्यातून द्रव फिरतो, नळ्यांतून रेडिएटरला, म्हणजे फिन्सच्या जाळीला, जातो, आणि तिथे पंखे असतातच. म्हणजे दोघांचा मुक्काम एकच, खोलीतली हवा. म्हणून यांतला कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २५ अंशांची ३५ झाली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर चढतो, मग पंखा असो की पंप. लिक्विड कूलिंगची खरी कमाई एवढीच, की फिन्स प्रोसेसरच्या डोक्यावर मांडायची सक्ती उरत नाही. त्या कॅबिनेटच्या छतापाशी किंवा दर्शनी बाजूला नेता येतात, आणि तिथे जागा मोठी मिळते.

मग जास्त फिन्स म्हणजे जास्त गार, असं सरळ गणित का नाही? घोडं पेंड खातं ते अगदी सुरुवातीलाच. एएमडीचा रायझन ७ ७७००एक्स हा प्रोसेसर उदाहरणाला घ्या. त्यातल्या सगळ्या कोअर, म्हणजे काम करणारे गाभे, एकाच चिपलेटवर, म्हणजे सिलिकॉनच्या छोट्या तुकड्यावर, आहेत आणि तिचं क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. पूर्ण भार आला की तेवढ्या जागेतून शंभरेक वॉट उष्णता बाहेर पडते. घरातली १,००० वॉटची इस्त्री डोळ्यांपुढे आणा. तिचा तळ समजा २०० चौरस सेंटिमीटर, तर दर चौरस मिलिमीटरला ०.०५ वॉट पडतात. या चिपलेटवर जवळजवळ दीड वॉट. पंचवीस-तीस पट! एवढी उष्णता त्या नखाएवढ्या सिलिकॉनमधून वरच्या धातूच्या टोपणात यायलाच अवघडते. पलीकडे तुम्ही ३६० मिलिमीटरचा रेडिएटर लावा नाही तर ४२०चा, अलीकडची ही कोंडी त्याने सुटत नाही. म्हणून अशा प्रोसेसरवर चांगला टॉवर आणि भलामोठा रेडिएटर यांच्यात थोड्याच अंशांचा फरक दिसतो, आणि लोकांना वाटतं आपण फसलो.

त्यातच आजचे प्रोसेसर हावरे आहेत. गारवा शिल्लक दिसला की ते वेग वाढवून तो खाऊन टाकतात. रायझन ९ ७९५०एक्सबद्दल तर एएमडीनेच सांगून ठेवलंय, की पूर्ण भारावर ९५ अंशांना चालणं ही त्याची नेहमीची वागणूक आहे. कूलर बदलला आणि आकडा ९५च राहिला, म्हणजे कूलर कुचकामी असं समजू नका. वेग किती वाढला ते बघा.

टोपण आणि कूलरच्या मधला पेस्टचा, म्हणजे उष्णता पुढे नेणाऱ्या मलमाचा, थर हे दुसरं अडसराचं ठिकाण. तांब्याची उष्णतावाहकता चारशेच्या आसपास, चांगल्या पेस्टची फार तर दहा-पंधरा, हवेची ०.०२६. म्हणजे पेस्ट तांब्यापुढे दरिद्रीच. तिचं काम फक्त हवेला हुसकावणं, तेव्हा ती पातळ हवी. इथे एक कबुली देतो. एकदा मी नव्या कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म न काढताच तो बसवला आणि दोन संध्याकाळी पंख्यांच्या दिशा बदलत बसलो. तिसऱ्या दिवशी कूलर उचलला तेव्हा फिल्म माझ्याकडे बघत होती.

आता वॉटचं बोलू, कारण निवड इथेच होते. इंटेल कोअर आय९ १४९००केचा मूळ आकडा १२५ वॉट, पण टर्बोची, म्हणजे जोर लावून पळतानाची, कमाल मर्यादा २५३. हा प्रोसेसर तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करणार असेल, तर ३६०चा रेडिएटर घ्या, मी अडवणार नाही. पण तोच प्रोसेसर गेम खेळताना त्या मर्यादेच्या बराच खाली राहतो. आणि तुमचं काम रायझन ७ ७८००एक्स३डीवर भागत असेल, तर सहा हीट पाइपचा दुहेरी टॉवर पुरून उरतो. माझा ढोबळ अंदाज असा: सतत दीडशे वॉटपर्यंत एअर कूलर बिनधास्त. दोनशेच्या वर आणि तेही सतत, तर मोठा रेडिएटर. मधल्या पट्ट्यात जागा आणि आवाज बघून ठरवा. १२० मिलिमीटरचा एकपंखी लिक्विड कूलर मात्र जागेची फारच अडचण नसेल तर घेऊ नका. फिन्स एका साध्या टॉवरएवढ्याच, आणि वर पंपाची कटकट.

द्रवाचा एक गुण कमी लोकांना माहीत असतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४,१८६ ज्यूल लागतात. समजा कूलरमध्ये पाव लिटर द्रव आहे आणि रेडिएटरला झेपते त्यापेक्षा १०० वॉट जास्त येताहेत, तर तो दहा सेकंदांना एक अंश चढेल. म्हणजे काम थोड्या वेळाचं असेल, तर पंख्यांना धावाधाव करावी लागत नाही. पण दोन मिनिटांच्या चाचणीचे आकडे याच कारणाने फसवतात, द्रव तोवर पुरता तापलेलाच नसतो. पंख्यांचा वेग चिपच्या तापमानाऐवजी द्रवाच्या तापमानावर लावायची सोय असेल तर ती वापरा. पंखे दर क्लिकला हुंदके देणार नाहीत.

जागेचं पटकन सांगतो. नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ हा टॉवर १६५ मिलिमीटर उंच आणि पंख्यांसकट १,३२० ग्रॅमचा. कॅबिनेटची रुंदी आणि रॅमची उंची आधी मोजा. कॉम्प्युटर गाडीतून हलवणार असाल तर एवढं वजन मदरबोर्डवर लटकत ठेवू नका, कूलर उतरवा. टॉवरच्या वाऱ्याने मदरबोर्डवरच्या, प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्होल्टेज रेग्युलेटरलाही झुळूक मिळते. लिक्विडमध्ये ती मिळत नाही, वेगळी सोय बघावी लागते.

रेडिएटर बसवताना एकच नियम पाळा: पंप हा सगळ्यांत उंच भाग असता कामा नये. नळ्यांच्या भिंतींतून द्रव वर्षानुवर्षं थोडा थोडा झिरपत बाहेर उडतो आणि आत हवेचा बुडबुडा वाढत जातो. बुडबुडा शिखर गाठणारच. शिखर रेडिएटरचं असेल तर तो तिथे निवांत पडून राहतो, पंपाचं असेल तर गुळगुळ सुरू होते आणि पंप झिजतो.

मागून प्रश्न आलाय, दोन्हींपैकी काहीच परवडत नसेल तर? मग बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये, जा आणि वॉटची मर्यादा खाली आणा. वेगाच्या शेवटच्या काहीशे मेगाहर्ट्‌झसाठी व्होल्टेज चढवावं लागतं, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वीज वाढते. म्हणून वॉट निम्मे केले तरी काम निम्म्यावर येत नाही. आहे तोच कूलर गप्प होतो.

आणि माझ्या मशीनवर काय आहे? टॉवर. ते रात्रभर चालतं आणि मी शेजारच्या खोलीत झोपतो. पंखा मेला तर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करून रेंगाळत राहतो, मी सकाळी उठून चार क्लिपांचा पंखा बदलतो. पंप मेला तरी प्रोसेसर जळत नाही, तोही असाच वेग कमी करतो. पण मग सकाळी पंखा नाही, अख्खा कूलर बदलावा लागतो.