पाटीवर नाव नसलेला नट: यूलियुश ओस्तेर्वा

नमस्कार श्रोतेहो.

जाहिरातीत नटाचं नाव छापायचं नाही. टाळ्या कितीही पडोत, पडद्यापुढे येऊन वाकायचं नाही. आणि आडून नटाला विसरलेले संवाद सांगणारा प्रॉम्प्टर तर नाहीच नाही. 1919 साली पोलंडमध्ये, वॉर्सात सुरू झालेल्या ‘रेदुता’ या नाटकमंडळीचे हे नियम. ते घालून देणारे यूलियुश ओस्तेर्वा तेव्हा स्वतः भलतेच लोकप्रिय नट होते, ही यातली गंमत.

जन्म 1885चा, क्राकूव्हचा. मूळ आडनाव मालुशेक. तेव्हा पोलंड शेजाऱ्यांनी वाटून घेतलेला होता: क्राकूव्ह ऑस्ट्रियाकडे, वॉर्सा रशियाकडे. त्यामुळे पहिलं महायुद्ध पेटताच वॉर्सात काम करणारे ओस्तेर्वा शत्रूचे नागरिक ठरले आणि त्यांची रवानगी रशियातल्या समाराला झाली. तिथून मॉस्को, मग कीव्ह. मॉस्कोत थोर रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कींचं काम जवळून पाहायला मिळालं. परतल्यावर जोडीला घेतले मिएचिस्वाव लिमानोव्स्की. हे पेशानं भूगर्भशास्त्रज्ञ!

आता प्रॉम्प्टरचं पाहू. नाटकं भराभर बदलायची म्हटल्यावर पाठांतर कच्चं राहतं. मग नटाचा एक कान कायम प्रॉम्प्टरकडे. समोरचा काय बोलतोय ते त्याला ऐकूच येत नाही, उत्तर अर्ध्या क्षणानं उशिरा येतं आणि प्रवेश ढिला पडतो. नुसता प्रॉम्प्टर काढून हे सुधारत नाही. तालमी वाढवाव्या लागतात. रेदुतात आधी बैठ्या तालमी होत. हे पात्र कोण, या क्षणी त्याला काय हवंय, ते गप्प का बसलंय, याचा कीस पाडल्यावरच नट उभे राहत. साहजिकच नवी नाटकं कमी बसत. पैशाची ओढाताण आलीच.

1925मध्ये मंडळी विल्नोला (आजचं विल्नियस) गेली आणि तिथून लहान गावांचे दौरे काढू लागली. स्पॅनिश नाटककार काल्देरोनच्या नाटकावरून पोलिश कवी स्वोवात्स्कींनी रचलेलं ‘अढळ राजपुत्र’ त्यांनी 1926पासून उघड्यावर केलं, खऱ्या घोड्यांसकट. राजपुत्र अर्थात ओस्तेर्वा. उघड्यावर आवाज परत फिरत नाही. बंद नाट्यगृहाच्या लयीत पद्य म्हटलं की ओळींचे शेवट विरून जातात.

ओस्तेर्वा 1947मध्ये गेले. पुढे 1965 साली व्रोत्स्वाफमध्ये पोलिश दिग्दर्शक ग्रोतोव्स्कींनी हेच नाटक बसवलं, मूठभर प्रेक्षकांसाठी. त्यांच्या मंडळीचं बोधचिन्हसुद्धा रेदुताकडूनच घेतलेलं होतं.