व्यासावरून वर्तुळाचे क्षेत्रफळ : ‘लीलावती’तील रीत

मित्रहो, माझ्यासमोर ही पितळेची परात आहे. तिच्या तोंडाचे क्षेत्रफळ काढायचे म्हटले की शाळेतले सूत्र आधी त्रिज्या मागते. पण त्रिज्या मोजायला मध्यबिंदू माहीत हवा, आणि परातीवर काय किंवा विहिरीच्या तोंडावर काय, मध्यबिंदूची खूण कोणी करून ठेवलेली नसते. व्यास मात्र थेट हाती लागतो. टेपचे एक टोक काठावर घट्ट धरून टेप समोरच्या काठावरून हळूहळू सरकवत न्यावी. आकडा वाढत जातो, एका जागी थांबतो आणि पुन्हा उतरू लागतो. तो सर्वांत मोठा आकडा म्हणजे व्यास. या परातीचा व्यास ४२ सेंटिमीटर भरला.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त व्यासावरून थेट क्षेत्रफळ काढण्याची रीत आहे. ‘रुद्राहते शक्रहृते’ असे त्यांचे शब्द आहेत. रुद्र अकरा आणि शक्र, म्हणजे इंद्र, चौदा. म्हणून व्यासाच्या वर्गाला ११ ने गुणावे आणि १४ ने भागावे. ४२ चा वर्ग १७६४. त्यावरून उत्तर येते १३८६ चौरस सेंटिमीटर. ही परात ज्यात नेमकी बसेल असा चौरस काढून त्याच्या क्षेत्रफळाचे १४ समान भाग कल्पिले, तर ११ परातीच्या वाट्याला येतात आणि ३ चार कोपऱ्यांत उरतात. त्रिज्येच्या सूत्रात हे नाते झाकले जाते. शिवाय व्यास निम्मा करायचे विसरलेल्या विद्यार्थ्याचे उत्तर चौपट होते. ही चूक मी इतक्या वह्यांमध्ये पाहिली आहे की व्यासाची रीतही मुलांना शिकवावी, असे मला मनापासून वाटते.

आचार्यांनी ११ आणि १४ च्या रीतीला स्वतःच ‘स्थूल’ म्हटले, पण ‘व्यवहारयोग्य’ही म्हटले, सूक्ष्म उत्तरासाठी व्यासवर्गाला ३९२७ ने गुणून ५००० ने भागायला सांगितले. त्या रीतीने परातीचे क्षेत्रफळ सुमारे १३८५.४५ येते, म्हणजे फरक जेमतेम अर्ध्या चौरस सेंटिमीटरचा. दोन्ही रिती देऊन कोणती कशासाठी हे सांगणारा हा गणिती मला फार मोठा वाटतो.

आता ही रीत खरी का, ते पाहू. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. तिच्यातली उपपत्ती मी कागदावर करून दाखवतो. वर्तुळाचे दोन अर्धे भाग केले. प्रत्येकाला मध्याकडून कडेकडे असे बारीक काप दिले, पण कड तुटू दिली नाही. आता कड सरळ ताणली की अर्धवर्तुळाची करवत होते, बघा. दोन्ही करवतींचे दाते एकमेकांच्या फटींत बसवले की जवळजवळ आयत तयार होतो, आणि काप जितके बारीक, तितकी त्याची बाजू सरळ. त्याची लांबी परिघाच्या निम्मी, रुंदी व्यासाच्या निम्मी. म्हणून क्षेत्रफळ परिघ गुणिले व्यास भागिले चार. परिघ स्थूलमानाने व्यासाच्या २२/७ पट घेतला, तर व्यासवर्गाला २२/२८ ने गुणावे लागते, आणि २२/२८ म्हणजेच ११/१४. आचार्यांचे रुद्र आणि शक्र आले ते इथून.