डोळ्यातला मेलानोमा यकृतात पोचला, तर सर्जन काय करू शकतो?

नमस्कार मंडळी. आजचा विषय, म्हणजे डोळ्यातल्या रंगद्रव्याच्या पेशींचा कॅन्सर (मेलानोमा), जड आहे, पण ज्यांच्या घरात हा आजार आलाय त्यांना तो टाळता येत नाही. म्हणून आपणही टाळायचा नाही.

या घरांमधून एक प्रश्न हमखास येतो. "डोळाच काढून टाकला होता ना, मग लिव्हरमध्ये गाठी आल्या कुठून?"

त्याचं असं आहे. डोळ्याच्या आत लसिकावाहिन्या (शरीरातला लसिका हा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) नसतात. त्यामुळे या कॅन्सरच्या पेशी रक्तातूनच बाहेर पडतात, आणि त्यांचं आवडतं ठिकाण म्हणजे यकृत. आजार पसरलेल्या दहा जणांपैकी साधारण नऊ जणांच्या यकृतात तो सापडतो. अनेकदा या पेशी डोळ्यातली गाठ लक्षात येण्याआधीच निघून गेलेल्या असतात आणि वर्षानुवर्षं गप्प बसतात. अमेरिकेत १९८७ ते १९९८ या काळात मध्यम आकाराच्या गाठी असलेले १३१७ रुग्ण एका अभ्यासात घेतले होते. काहींचा डोळा काढला, काहींच्या डोळ्यावर आयोडीन-१२५ ची किरणोत्सर्गी चकती शिवली. कितीजण जगले, यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. "डोळा वाचवायच्या नादात आपण चुकलो" असं मनाला लावून घेतलं असेल, तर कृपा करून ते ओझं खाली ठेवा.

कधी कधी गाठ डोळ्याच्या पांढऱ्या कवचातून, रक्तवाहिन्यांच्या बारीक वाटांनी, मागच्या खोबणीत उतरते. थोडीच उतरली असेल तर डोळ्याबरोबर आजूबाजूचं आवरणही काढतात. जास्त पसरली असेल तर खोबणीतला सगळा भाग काढावा लागतो. ऐकायलाही अवघड आहे, मला माहीत आहे.

आता यकृताकडे. एकदोन गाठी असतील आणि त्या पूर्ण निघण्यासारख्या असतील, तर यकृताचा तेवढा भाग कापून काढतात. यकृत पुन्हा वाढतं, म्हणून हे जमतं. अडचण वेगळीच आहे. या आजारात यकृतावर कधी कधी खसखशीएवढे ठिपके विखुरलेले असतात, आणि ते अनेकदा स्कॅनमध्ये दिसत नाहीत. म्हणून मोठी चीर देण्याआधी बरेच सर्जन एमआरआय नीट बघतात, शिवाय पोटात दुर्बीण घालून यकृताचा पृष्ठभाग डोळ्यांनी तपासतात. ठिपके दिसले तर तिथेच थांबतात. रुग्णाला वाटतं, ऑपरेशन अर्धवट सोडलं. खरं तर फायदा नसलेल्या मोठ्या ऑपरेशनमधून त्याला वाचवलेलं असतं.

गाठी सगळीकडे असतील तर? स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला, एक धाडसी पद्धत वापरली गेली. पोट उघडून यकृताचा रक्तपुरवठा उरलेल्या शरीरापासून तोडायचा, पंपाला जोडायचा आणि मेलफॅलन हे कॅन्सरवरचं औषध गरम करून साधारण तासभर फक्त यकृतातून फिरवायचं. मग यकृत धुऊन सगळं पुन्हा जोडायचं. इतकी मात्रा शिरेतून दिली तर ती अस्थिमज्जेला झेपणार नाही. तिथल्या स्कॅंडियम नावाच्या चाचणीत ४० टक्के रुग्णांच्या गाठी आकसल्या. नेहमीचे उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ४.५ टक्के होतं. पण त्यामुळे आयुष्य नक्की वाढतं, हे त्या चाचणीत सिद्ध झालं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ४० टक्के हा आकडा ऐकून लोक घर विकायला निघतात.

याच कल्पनेचं बिनाचिरेचं रूप म्हणजे मांडीतून नळी घालून औषध यकृताच्या धमनीत सोडायचं. यकृतातून बाहेर येणारं रक्त फुग्यांनी अडवून फिल्टरमधून गाळायचं आणि मानेतल्या शिरेतून परत द्यायचं. अमेरिकेत याला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि ते पुन्हा पुन्हा करता येतं.

पुढच्या भेटीला जाल तेव्हा डॉक्टरांना दोन गोष्टी नक्की विचारा. यकृताचा एमआरआय झालाय का? आणि रक्ताची एचएलए तपासणी, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांचा प्रकार पाहणारी तपासणी? या आजारावरचं टेबेंटाफस्प नावाचं औषध फक्त एचएलए-ए-०२:०१ हा प्रकार असलेल्यांनाच देता येतं, आणि तुमचा प्रकार कोणता हे त्या तपासणीतूनच कळतं.