मीटिंगचा पत्ता

श्रोतेहो, नमस्कार.

दारू सुटावी असं मनापासून वाटतं. देवाची शपथ घेऊन झाली, लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून झाला, तरी संध्याकाळ झाली की पाय तिकडेच वळतात. अशा माणसाला कुणी ‘मीटिंगला जा’ म्हणतं, तेव्हा तो विचारतो, कुठली मीटिंग? आणि मनात म्हणतो, तिथं ओळखीचं कुणी भेटलं तर? दारू सोडू पाहणारी माणसं एकमेकांसाठी भरवतात, त्या याच मीटिंगबद्दल आज मला तुमच्याशी बोलायचं आहे.

मे 1935. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात बिल नावाचा एक शेअर दलाल हॉटेलच्या दालनात येरझाऱ्या घालत होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. ज्या धंद्याच्या कामासाठी आला ते फिसकटलं होतं, खिशात पैसे नव्हते, गाव परकं. बाजूलाच बार होता, आतून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. दालनात टेलिफोन होता आणि जवळ चर्चची यादी. त्यानं फोन उचलला आणि एका धर्मगुरूंना सांगितलं, मला इथल्या एखाद्या दारुड्याशी बोलायचं आहे. फोनाफोनी होत होत दुसऱ्या दिवशी त्याची गाठ बॉब नावाच्या एका सर्जनशी पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते. उठले ते रात्री अकरानंतर. त्याच वर्षी 10 जूनला डॉक्टरांनी शेवटची दारू घेतली, आणि तोच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे आपण जिला ‘एए’ म्हणतो त्या संघटनेचा, स्थापनादिन मानला जातो.

या गोष्टीत एक मुद्दा आहे, तो नीट ऐका. त्या दिवशी बिल डॉक्टरांवर उपकार करायला गेला नव्हता. स्वतः पुन्हा पिऊ नये म्हणून त्याला दुसरा पिणारा हवा होता. आजही हेच खरं आहे. दहा-वीस वर्षं दारूला न शिवलेला माणूस दर आठवड्याला मीटिंगला का येतो? तुमच्यासारखा नवा माणूस बोलतो, तेव्हा त्याला आपले जुने दिवस आठवतात आणि तो सावध राहतो. म्हणून तिथं जाताना कुणाच्या दारात मदत मागायला चाललोय, असं वाटून घेऊ नका. तिथल्या मंडळींना तुमची गरज आहे, आणि हे मी तुमचं मन राखायला सांगत नाही.

आत काय होतं? बहुधा शाळेचा वर्ग असतो, नाहीतर चर्चचा किंवा एखाद्या संस्थेचा हॉल. मोठी माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली. एकेक जण बोलतो: माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे. फक्त पहिलं नाव. मग तो आपलीच कहाणी सांगतो. बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवलं, मुलाच्या फीचे पैसे गुत्त्यावर गेले, आणि मग काय केलं. मध्ये कुणी बोलत नाही, उपदेश करत नाही. तुम्ही नुसतं ऐकलंत तरी चालतं. फी नाही, वर्गणी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला वाटेल तो टाकतो. नव्या माणसानं टाकायलाच हवं असं मुळीच नाही. सदस्य व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. सुटलेली असली पाहिजे, अशी अट नाही.

ओळखीचं कुणी भेटलंच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. तरीही संकोच वाटत असेल तर खुशाल दुसऱ्या उपनगरातल्या, शेजारच्या तालुक्याच्या मीटिंगला जा. एका गटात मन रमलं नाही, तर दुसरा बघा. माणसं बदलली की गटाचा स्वभाव बदलतो.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. जो रोज सकाळपासून पितो, हात थरथरल्याशिवाय ज्याचा दिवस उजाडत नाही, त्यानं घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा व्यसनमुक्ती केंद्र. पुण्यात डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेलं मुक्तांगण तुम्हाला ठाऊकच असेल. उपचार झाल्यावर पाठपुराव्याच्या बैठकांना जायचं असतं, आणि बरेच जण तिथेच कंटाळा करतात. केंद्रातून घरी आल्यानंतरचे महिने जास्त अवघड असतात, हे घरच्यांनीही ध्यानात ठेवावं.

घरच्यांसाठीही जागा आहेत. पिणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी अल-अनॉनचे गट असतात, मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी सहचरी गट आहे. ताई, तुमचा नवरा यायला तयार नसला तरी तुम्ही जा. त्याच्या ‘हो’ची वाट बघत बसू नका.

आता पत्ता कसा काढायचा? एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर गावागावांच्या मीटिंगची माहिती असते, ऑनलाइन मीटिंगही भरतात. इंटरनेट नसेल तर 14446 या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पडत नाहीत. मन फारच खचलं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आहे. एएच्या गटाला फोन लावलात की तीन गोष्टी विचारा. मीटिंग मराठीत चालते का? खुली आहे की बंद, कारण खुल्या मीटिंगला घरचं माणूस सोबत येऊ शकतं, बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांची असते. आणि तिसरं, पहिल्यांदा येतोय, स्टँडवर किंवा स्टेशनवर कुणी घ्यायला येईल का? हे विचारायला लाजू नका. नव्या माणसाला घ्यायला जाणं हे तिथल्या जुन्या मंडळींचं नेहमीचं काम आहे.