इंजिन नसलेला इंजिनाचा फोटो

नमस्कार मंडळी.

आज बोलायचं आहे पायी फिरण्याबद्दल आणि फिरताना काढलेल्या फोटोंबद्दल. माझ्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असे शे-दीडशे फोटो आहेत. त्यात हिमालय नाही, समुद्र नाही. अमरावती जिल्ह्यातलं दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर, एवढाच मुलूख. लोक म्हणतात, आपल्याकडे पाहण्यासारखं आहे काय? सपाट रान, काळी माती अन् बाभळी. अहो, सपाट आहे म्हणून तर सूर्य पार धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला टेकेपर्यंत दिसतो! पण आपण पाहुणे आले की त्यांना गाडीत कोंबतो आणि थेट चिखलदरा गाठतो. मधलं सगळं काचेबाहेर. असो.

हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे कपाशी, तूर, आणि जमिनीतल्या ओलीवर हरभरा. डोंगराच्या बाजूनं सरकत गेलं की पाणी गोडं होतं, अंजनगावकडचे पानमळे लागतात आणि उत्तरेला गाविलगडचे डोंगर निळे दिसू लागतात. फिरायचं ते दिवाळी ते संक्रांत. पावसाळ्यात ही माती चपलेला अशी धरते की पाऊल उचलत नाही, उन्हाळ्यात भेगांत पाय जातो. म्हणून पुन्हा सांगतो, दिवाळी ते संक्रांत. सोबत भाकर आणि ठेचा न्यावा. लोणचं नेऊ नका, तेल गळतं आणि पिशवी वर्षभर वास मारते.

आता शकुंतला. आपली अडीच फुटी रुळांची गाडी. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला, हा 76 किलोमीटरचा. वऱ्हाडातला कापूस मुंबईकडे आणि तिथून मँचेस्टरला जावा म्हणून इंग्रजांच्या काळात टाकलेली लाइन, आणि तिचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, 1921 साली बनलेलं. ते 1923 पासून 1994 च्या एप्रिलपर्यंत धावलं. धावलं म्हणजे आपलं म्हणायचं.

माझी गोष्ट 1993 च्या दिवाळीतली. मी कॉलेजात होतो. मावसभावाचा कॅमेरा उसना आणलेला. छत्तीस फोटोंचा रोल, त्यातले पस्तीस त्यानं स्वतःच्या साखरपुड्यात संपवलेले. उरला एक. मी ठरवलं, हा एक फोटो इंजिनाचा.

बनोश्याला, म्हणजे दर्यापूरच्या स्टेशनात, गाडीत बसलो. अंजनगाव गेलं आणि पथ्रोटच्या अलीकडे एका फाटकापाशी गाडी थांबली. फाटकावर माणूस नसायचा. गाडीतलाच एक जण उतरायचा, फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की उघडायचा आणि पळत येऊन पुन्हा चढायचा. तेवढ्या वेळात मी उडी मारली आणि शेताच्या धुऱ्यानं पळत दोनशे पावलं पुढे गेलो. कॅमेरा डोळ्याला लावला. ऊन समोरून येत होतं, म्हणून भिंगावर सावली धरायला एक हात वर केला.

झालं! ड्रायव्हरला वाटलं, पोरगं हात दाखवतंय. शिट्टी, ब्रेक, आणि गाडी माझ्यापुढे येऊन उभी.

"काय झालं बे? रूळ तुटला का समोर?"

"नाही काका, फोटो काढून रायलो."

"कायचा?"

"इंजिनाचा."

मला वाटलं, आता शिव्या. त्यानं गळ्यातल्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि मागे वळून ओरडला, "ये लवकर, फोटू हाय!" कोळसेवाला उतरला. मागून गार्ड आला, त्यानं टोपी सरळ केली. मग डब्यांतून, "काहून थांबली गाडी?" "फोटो हाय म्हन्ते." बघता बघता अर्धी गाडी खाली. एक आजी सीताफळाचं टोपलं घेऊन पुढे आली, "माह्या नातवाले समोर घे बाप्पा." मी ओरडतोय, जरा बाजूला व्हा, इंजिन दिसू द्या! प्रत्येक जण एक पाऊल सरकला, आणि होती नव्हती तेवढीही फट बुजली.

एकच फोटो होता. काढला.

रोल अमरावतीला धुतला. फोटोत एकतीस चेहरे आहेत, मी मोजलेत. गार्ड ताठ उभा, ड्रायव्हर हसतोय. आजी कॅमेऱ्याकडे बघतच नाही, तिचा हात पुढे आलाय आणि हललाय, कारण ती मला सीताफळ देत होती. आणि सगळ्यांच्या डोक्यावर थोडा धूर. बस. इंजिनाचा फोटो, आणि त्यात इंजिन नाही. पुढच्या एप्रिलात ते इंजिन कायमचं थांबलं, त्याच्या जागी डिझेलचं आलं. माझ्याकडे दुसरा फोटो नाही.

हल्ली फोनवर एका झाडाचे चाळीस फोटो काढतात आणि एकही पुन्हा बघत नाहीत. माझा मुलगाही त्यातलाच.

गेल्या हिवाळ्यात त्याच फाटकापाशी पायी गेलो. गाडी आता बंद आहे. रुळांच्या मधोमध बाभळीची रोपं उगवलीत, फाटकाचा एक खांब तेवढा शाबूत आहे. बाजूच्या शेतात वेचणी चालली होती. म्हटलं, खांबाचा एक फोटो घ्यावा. फोन वर धरला. ऊन तसंच समोरून. सवयीनं दुसरा हात वर गेला.

मागे रस्त्यावर मोटारसायकल कचकन थांबली. "चाला काका, पथ्रोटलोक सोडतो."

बसलो. फोटो राहिलाच.

नमस्कार.