तिकीट क्रमांक ४१

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘स्वतःच्या सर्व्हरवरील हेल्पडेस्क : सुरक्षाविषयक त्रुटी’. मी ‘भोकं’ असं लिहून दिलं होतं. संयोजकांना तो शब्द सभ्य वाटला नाही. असो.

आधी एका कचेरीची गोष्ट. नाव घेत नाही, माझं बिल अजून त्यांच्याकडे अडकलंय. तिथे प्रिंटर बिघडला की म्हणायचे, ‘तिकीट रेज करा’. पहिल्या दिवशी मला वाटलं, एसटीच्या आरक्षणाबद्दल चाललंय. तिकीट म्हणजे नोंदवलेली तक्रार आणि ती जिथे नोंदवायची ते हेल्पडेस्क, हे मागाहून कळलं. हेल्पडेस्क एका उत्साही पोराने फुकटच्या सॉफ्टवेअरवर उभं केलेलं. पोरगा बंगळूरला गेला, सर्व्हर जिन्याखालीच राहिला. मी जुन्या तक्रारी वाचत बसलो. काय एकेक नग! ‘पगाराच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड अमुक अमुक, तरी आत घेत नाही.’ ‘साहेब रजेवर आहेत, त्यांचा पासवर्ड खाली देत आहे.’ सोबत आधार कार्डांचे फोटो, रद्द केलेले चेक. माणूस डॉक्टरपासून काही लपवेल, पण आयटीवाल्यापासून नाही! शिवाय तिकीट बंद झालं म्हणून कोणी पुसत नाही. सात वर्षांचं सगळं तसंच पडून. त्यातच तिकीट क्रमांक ४१ : ‘हेल्पडेस्क अपडेट करणे’. नोंदवणारा तोच पोरगा, जबाबदारी त्याचीच, स्थिती प्रलंबित. दर सोमवारी त्याला आठवणीची मेल जात होती, त्याच्या बंद झालेल्या पत्त्यावर.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत म्हणे. म्हणजे विषयाला आता हात घालायला हवा.

तर भरभर सांगतो. सोलरविंड्स कंपनीचं वेब हेल्प डेस्क हे सॉफ्टवेअर घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये कळलं, की बाहेरून आलेलं, जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या माहितीचं गाठोडं ते न तपासताच उघडतं आणि त्यातून हल्लेखोराच्या आज्ञा सर्व्हरवर चालतात. दुरुस्तीचं ठिगळ लावलं. ऑक्टोबरमध्ये त्याला वळसा घालणारी वाट निघाली, दुसरं ठिगळ. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यालाही वळसा, तिसरं ठिगळ. आजीची गोधडी अशीच व्हायची, पण तिची ऊब तरी मिळायची. ऑगस्ट २०२४ मध्येच आणखी एक कळलं : युजरनेम-पासवर्डची एक जोडी प्रोग्रामातच लिहून ठेवलेली. ती माहीत असलेला कोणीही, कुठूनही तिकिटं वाचणार, बदलणार. आता तो पगाराचा पासवर्ड आठवा.

दुसरं हेल्पडेस्क, चेन्नईच्या झोहो कंपनीचं सर्व्हिसडेस्क प्लस. एका भोकाची दुरुस्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली, तरी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफबीआयला आणि सिसा या तिथल्या सायबर सुरक्षा संस्थेला इशारा काढावा लागला. लॉगिनशिवाय लोक आत शिरत होते. दुरुस्ती तयार, लावणारा नाही. सिसएड या तिसऱ्या हेल्पडेस्कचं २०२३ मध्ये उलटं झालं, दुरुस्तीच्या आधीच चोर आत. म्हणून ‘अपडेट करा’ एवढंच सांगून मी थांबत नाही. हेल्पडेस्क उघड्या इंटरनेटवर ठेवू नका, व्हीपीएनच्या, म्हणजे फक्त आपल्याच माणसांना वाट देणाऱ्या खासगी जोडणीच्या, आत घ्या. पासवर्ड आलेलं तिकीट दिसलं, की मजकूर खोडा आणि तो पासवर्ड बदलायला लावा. जुनी तिकिटं ठराविक मुदतीनंतर खरोखर पुसा, जोडलेल्या फायलींसकट. बॅकअपमधूनसुद्धा, तिथेच लोक विसरतात.

हो हो, आवरतो. तिकीट ४१ ना? घेतलं माझ्या नावावर. रात्री अपडेट केलं, सकाळी हेल्पडेस्क उघडेना. तक्रार नोंदवायची कुठे, हे विचारायला अख्खी कचेरी जिन्याखाली उभी.